माळावर पळवायची गाडी

जुनी मोटरसायकल बघायला आलेला माणूस सगळ्यात आधी टाकीवरून हात फिरवतो. म्हैस घ्यायची असती तर याच माणसानं तिचे दात बघितले असते, सड चाचपले असते, मालकाला समोर बसवून धार काढायला लावली असती. गाडीच्या बाबतीत मात्र तो रंगावर जातो. मग आरशात स्वतःचा भांग बघतो आणि विचारतो, "पळते किती?"

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं गॅरेज होतं. तिथं मी आयुष्यभर दोन कामं केली. गाड्या दुरुस्त केल्या, आणि जुनी गाडी घेणाऱ्यांबरोबर जाऊन त्यांना ती तपासून दिली. पहिल्या कामानं पोट भरलं. दुसऱ्या कामानं माणसांबद्दलचं माझं मत खराब झालं, ते आजतागायत सुधारलेलं नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. नवी स्कूटर हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. त्यात अरबांनी तेल महाग केलं आणि ज्यांच्या दारात मोठ्या विलायती मोटरसायकली होत्या त्यांना त्या जड झाल्या. साहेबलोकांनी, संस्थानिकांनी, मिलच्या अधिकाऱ्यांनी मागं ठेवलेल्या या गाड्या एकाएकी स्वस्त झाल्या, आणि गावातल्या हौशी पोरांच्या डोक्यात वेग शिरला.

विजापूर रस्त्याच्या बाजूला, आता जिथं जुळे सोलापूरचे फ्लॅट उभे आहेत, तिथं तेव्हा नुसता मुरमाड माळ होता. एका जमीनमालकाला गळ घालून या पोरांनी तिथं दगडांना चुना लावून लांबट गोल आखला होता. रविवारी सकाळी गाड्या घेऊन जायची आणि फेऱ्या मारायची. बक्षीस नाही, बघणारे नाहीत. समोरून ट्रक येत नाही, एवढंच काय ते सुख. मी त्यांना मूर्ख म्हणायचो आणि त्यांच्याच गाड्या दुरुस्त करून जेवायचो.

माळावर पळवायची गाडी कशी निवडायची, हे मी शेकडो लोकांना सांगितलं असेल. ऐकलं फार थोड्यांनी. पहिल्यांदा चेसी बघायची, म्हणजे गाडीचा सांगाडा. गाडी सरळ उभी करून मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणायची. दोन्ही चाकं एका रेषेत नसली तर ती गाडी कधीतरी जोरात आपटलेली आहे, मग मालक काही का सांगेना. त्यानंतर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवायचं. मध्येच अडखळलं तर मानेतलं बेअरिंग गेलंय. मग ब्रेक. मग सुटे भाग कुठं मिळतात त्याची चौकशी. इंजिन सगळ्यात शेवटी, कारण इंजिन दुरुस्त होतं. वाकडी चेसी सरळ केली असं सांगणारे पुष्कळ भेटले, सरळ झालेली मला दिसली नाही. गिऱ्हाईक मात्र हे सगळं उलट्या क्रमानं बघतं. रंग, आवाज, वेग, आणि घरी गेल्यावर बायकोनं विचारलं की ब्रेक.

या सगळ्या वर्षांत गाडी निवडायला माझ्यासोबत नवरा-बायको दोघं आल्याचं एकदाच घडलं. तेच सांगतो.

डॉक्टर बिराजदार हे जनावरांचे डॉक्टर. पंचेचाळिशीचे, बारीक, चष्मेवाले, बोलायला मऊ. त्यांची जुनी स्कूटर माझ्याकडं दुरुस्तीला असायची. दुष्काळाची दोन वर्षं त्यांनी गुरांच्या छावण्यांवर काढली होती. माण, सांगोला, मंगळवेढा, जिकडं पाठवतील तिकडं. तो दुष्काळ सरल्यावर एके दिवशी मी त्यांच्या स्कूटरची क्लच केबल बदलत होतो, तेव्हा ते स्टुलावर बसून म्हणाले, "गुरुअण्णा, मला एकदा जोरात जायचंय."

मी म्हटलं, मग जावा की, पुण्याचा रस्ता मोकळा आहे. तर म्हणाले, रस्त्यावर मेंढरू आडवं येतं, आणि आता आपल्या हातून जनावर मरायला नको. त्या पोरांबरोबर माळावर जाऊ देतील का, आणि त्यासाठी त्यांच्या आणि बायकोच्या पगारात बसेल अशी जुनी गाडी मिळेल का, असं त्यांनी विचारलं.

मला हसू आलं, ते मी लपवलं नाही. हा माणूस स्कूटरसुद्धा सायकलीच्या मागून चालवायचा. पण धंदा तो धंदा. बघू म्हणालो.

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत त्यांची बायको गॅरेजवर आली. सुमनबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. दुकानात पाय ठेवला की माणसं आपोआप हातातली विडी टाकायची, अशी बाई. त्यांनी आडवळण घेतलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही त्यांना गाडी बघून देणार आहात असं कळलं. अशी बघा, जी चालूच होणार नाही. दिसायला बरी असली म्हणजे झालं. किक मारून मारून कंटाळतील आणि नाद सोडतील."

पैसे घेऊन खराब गाडी चांगली म्हणायला सांगणारे लोक मी रोज बघायचो. खराब गाडी खराब आहे म्हणूनच निवडा, असं सांगणारं गिऱ्हाईक पहिलंच. मला राग आला. मी म्हटलं, सोलापुरात तसल्या गाड्यांना तोटा नाही, उद्या दहा आणून उभ्या करतो; पण माझ्या नावानं नाही.

त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन वर्षं हा माणूस घरी नव्हता. आला तेव्हा जेवताना बोलायचा नाही. आत्ता कुठं बोलायला लागलाय. तो त्या माळावर जाऊन पडला तर मी काय करू?"

हातातला पाना ठेवला, हात पुसले. मग सांगितलं ते असं:

"बाई, न चालणारी गाडी डॉक्टर तशीच ठेवणार नाहीत. कुणाकडून तरी दुरुस्त करून घेतील. मग ती अर्धी चालेल. पूर्ण बंद गाडी कुणाला मारत नाही, आणि नीट गाडी सहसा मारत नाही. अर्धी चालणारी मारते. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका. सोबत चला आणि तुमच्या डोळ्यांनी बघा."

त्या आल्या. मला वाटलं होतं, एका फेरीत कंटाळतील.

पहिली गाडी नवी पेठेत, एका कापड दुकानदाराच्या बोळात. पाचशे सीसीची, दोन सिलिंडरची इंग्लिश गाडी. लालभडक रंग, चकचकीत क्रोम, नवं सीट. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोष कंपनीचा नव्हता, मालकांचा होता. दुकानदारानं चहा मागवला, गाडीचं खानदान सांगितलं, आपण ती फक्त देवदर्शनाला बाहेर काढतो असं शपथेवर सांगितलं आणि एका किकमध्ये चालू करून दाखवली. डॉक्टर टाकीवरून हात फिरवायला लागले. शिकलेला माणूस, पण हात तिथंच गेला.

सुमनबाई मात्र वाकल्या आणि तव्याचा ताव बघावा तसा त्यांनी इंजिनाजवळ हात धरला. मग मालकाला शांतपणे विचारलं, "आम्ही यायच्या आधी चालू केली होती का?"

दुकानदार म्हणाला, साफसफाई करताना जरा केली होती. थंड असताना चालू न होणारी गाडी गिऱ्हाईक येण्याआधी तापवून ठेवायची, हा या धंद्यातला सर्वांत जुना डाव. मी तो ओळखला होताच, पण मी बोलायच्या आधी बाई बोलल्या, आणि माझ्या मनात त्यांचा भाव वाढला. मी सुतळी काढली. मागचं चाक एक बोलत होतं, पुढचं दुसरंच. दुकानदार म्हणाला, सुतळीच वाकडी आहे. ते वाक्य मी पुढं कित्येक वर्षं लोकांना सांगून हसवलं.

दुसरी गाडी अक्कलकोटला. संस्थानात कारकुनी केलेले एक म्हातारे गृहस्थ. घरात कानडी, आमच्याशी तोडकं मराठी. गाडी माजघराच्या कोपऱ्यात चादरीखाली. काढली तर अशी की, फोटो काढावा. एक ओरखडा नाही. बाजूला उदबत्तीचं घर होतं, म्हणजे पूजाही होत असावी. किती वर्षं चालवली नाही, असं विचारल्यावर म्हातारा अभिमानानं हसला. रबर लाकडासारखं कडक झालेलं, टाकीत गंजाचा चिखल, आणि सुटे भाग मिळायचे तर इंग्लंडलाच जावं लागलं असतं. माया करून गाडी मारणारे लोकही असतात. त्याची बायको विकायला उतावीळ होती, तिला कोपरा हवा होता. म्हातारा मात्र चादर परत पांघरताना "ब्याड, ब्याड" म्हणत राहिला. म्हणजे कानडीत नको, नकोच विकायला, असं. त्याच्यावर मात्र मला रागावता आलं नाही.

तिसरी गाडी डॉक्टरांनीच हुडकली होती. वेळापूरकडं मेंढ्यांना लस टोचताना त्यांना बिरू नावाचा एक लोकरीचा व्यापारी भेटला. स्वतःची मेंढरं, वर आसपासच्या धनगरांची लोकर गोळा करून बाजारोबाजारी नेणारा. एसटीनं आम्ही तिघं गेलो. गाडी बाभळीखाली उभी होती. झेकोस्लोव्हाकियाची, अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरची. ब्रशनं घराच्या दाराचा हिरवा रंग मारलेला. टाकीला पोचे. मेंढराचा वास तर असा की, गाडी बें करेल असं वाटावं. सुमनबाईंनी पदर नाकाला लावला.

मी बिरूला विचारलं, कधी पडली आहे का.

"पडलोय की. एकदा म्या पडलो, एकदा कोकरू पडलं. गाडी दोन्ही टायमाला हुबी हुती." मग न विचारताच म्हणाला, "दुसरा गिअर कवा कवा सुटतूय. म्होरला ब्रेक लई कडक हाय, बेतानं दाबा. बाकी काय न्हाय."

मग विकतोस कशाला, असं बाईंनी विचारलं. गुडघा गेलाय, किक मारवत न्हाय, म्हणाला.

स्वतःहून दोष सांगणारा विकणारा मी तोपर्यंत पाहिला नव्हता. मी सुतळी ताणली. दोन्ही चाकांना ती अशी चिकटून गेली की, मी खात्रीसाठी पलीकडच्या बाजूनं परत ताणली. हँडल लोण्यासारखं फिरलं. इंजिन गार होतं, तिसऱ्या किकला उठलं. तसल्याच गाड्या म्हैसूरला बनायला लागल्या होत्या, त्यामुळं सुट्या भागांचीही चिंता नव्हती. रोज जिच्यावर पोट असतं ती गाडी माणूस चकचकीत ठेवत नाही, नीट ठेवतो.

मी डॉक्टरांना म्हटलं, घ्या. डॉक्टर हिरव्या रंगाकडं बघत कुरकुरले की, ती नवी पेठेतली लाल गाडी सुतळी लावल्यावर एवढीशीच वाकडी दिसत होती. मी उत्तर द्यायच्या आत सुमनबाई म्हणाल्या, "हीच घ्यायची. घ्यायचीच असेल तर."

त्या सरळ गाडीवर पुढं जे बसलं ते बघून मला माझ्या कष्टांचं वाईट वाटलं. पोरं माळावर धूळ उडवत जायची आणि त्यांच्या मागून, एकटे, पाठ ताठ करून डॉक्टर यायचे, जणू मागच्या सीटवर अंड्यांची टोपली आहे. वळणावर तर उतरून ढकलत नेतात की काय असं वाटायचं. पोरांनी त्यांचं नाव एसटी ठेवलं. मी निवडलेली सगळ्यांत चांगली गाडी सगळ्यांत हळू माणसाच्या नशिबी आली होती. फेऱ्या संपल्यावर मात्र धुळीनं माखलेला तो माणूस असा हसायचा की, मला काही बोलायला तोंड उरायचं नाही. सुमनबाई दर रविवारी यायच्या. लिंबाखाली चादर टाकून वह्या तपासत बसायच्या. मान वर करायच्या नाहीत, पण हिरव्या गाडीचा आवाज बदलला की त्यांची लाल पेन्सिल थांबायची.

ती लाल गाडी पुढं जयंतानं घेतली. भुसार अडत्याचा हा मुलगा, पोरांचा पुढारी. घेण्याआधी विचारायला आला होता, तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं की चेसी वाकडी आहे, जोरात नेलीस की हँडल थरथरायला लागेल. तो म्हणाला, थरथरलं तर घट्ट धरीन. त्याला माझं मत नको होतं, माझी मान हललेली हवी होती. ती हलली नाही, तर सरळ दुकानदाराकडं जाऊन गाडी घेऊन आला. पोरं तिच्याभोवती जमली. सगळ्यांनी टाकीवरून हात फिरवला.

काही रविवार बरे गेले, आणि जयंता मला बघून मुद्दाम एक हात सोडून गाडी चालवायला लागला. मग एका सकाळी लांबच्या सरळ भागात त्यानं डॉक्टरांना मागं टाकलं, आणखी पुढं गेला, आणि तिथं ते झालं. मी गोलाच्या या बाजूला होतो. हँडल डावी-उजवीकडं झटके देताना लांबूनही दिसलं. त्यानं घट्ट धरलं असणारच. गाडी एकीकडं गेली, तो दुसरीकडं.

बाकीची पोरं गोलाच्या पुढच्या टोकाला होती. सगळ्यांत मागं असलेले डॉक्टरच पहिले तिथं पोचले. आम्ही पळत गेलो तोवर ते गुडघ्यांवर बसले होते. मांडीचं हाड मोडलं होतं. जयंता ओरडत होता की हात लावू नका, खरा डॉक्टर बोलवा.

"हाड हाडच असतं," डॉक्टर म्हणाले. "हलू नकोस."

त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. त्यांनी माझ्याकडून कुंपणाच्या काठ्या काढून घेतल्या, पोरांच्या गळ्यातले टॉवेल मागितले. सोलापुरात टॉवेलला काय तोटा. खुब्यापासून घोट्यापर्यंत पाय असा बांधला की, जणू तो मोजूनच त्यांनी काठ्या मागवल्या होत्या. सुमनबाईंनी चादर आणली, वह्या तशाच वाऱ्यावर सोडून. चादरीची झोळी करून आम्ही जयंताला रस्त्यापर्यंत नेलं आणि टेम्पोत घातलं. त्याचं डोकं सुमनबाईंच्या मांडीवर होतं. इस्पितळातल्या सर्जननं नंतर विचारलं म्हणे, पाय कुणी बांधला. जयंताच्या बापानं सांगितलं नाही. ढोरांच्या डॉक्टरनं बांधला, हे सांगायला त्याला लाज वाटली.

तोच बाप दोन दिवसांनी माझ्या गॅरेजवर येऊन चार लोकांत मला बोलला, की असल्या गाड्या गावात आणता म्हणून पोरं मोडतात. मी विकलेली नाही, निवडलेली नाही, उलट नको म्हणालो होतो, हे ऐकायला तो थांबला नाही. नवी पेठेतला दुकानदार सांगत फिरला की, गाडी चांगलीच होती, चालवणाऱ्याला जमली नाही. जमीनमालकानं माळावर आडवे चर खणले. डॉक्टर पुढच्या रविवारी गेले, चर बघितले आणि परत आले. त्यांना मिळाला तो एक हिवाळा. गाडी त्यांच्या अंगणात उभी राहिली. आठवड्यातून एकदा ते ती चालू करून ऐकायचे आणि बंद करायचे.

त्याच्या पुढच्या वर्षी उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, पार चंद्रपूरकडं. सुमनबाईंनी शाळेचा राजीनामा दिला. एका दुपारी त्या स्वतः हिरव्या गाडीबरोबर गॅरेजवर आल्या. डॉक्टर ढकलत होते, त्या मागून येत होत्या. डॉक्टर गाडी उभी करून बाहेर जाऊन थांबले.

"गाडी तुम्ही निवडलीत," सुमनबाई म्हणाल्या. "आता माणूसही तुम्हीच निवडा. आम्हाला किंमत नको बघायला."

हे काम मला कधी कुणी दिलं नव्हतं, आणि ते फार अवघड निघालं. एकानं पहिल्यांदा विचारलं की लाल रंग मारून मिळेल का. एकजण आरशासमोरून हलेना. एका बँकवाल्याला ती जावयाला द्यायची होती. जावई सोबत होता आणि त्याला किक कुठल्या बाजूला असते ते माहीत नव्हतं. मी एकेकाला वाटेला लावलं. लोक म्हणायला लागले की म्हाताऱ्याला गाडी विकायचीच नाही. मी तेव्हा म्हातारा नव्हतो.

मग जयंता आला. काठी टेकत. वर्षभर मी त्याला बघितलं नव्हतं. पाय जोडला गेला होता, पण चालताना अंग एकीकडं जायचं. तो टाकीकडं गेला नाही. काठी भिंतीला लावून, त्रास होत असताना, गाडीच्या मागं जमिनीवर बसला आणि एक डोळा मिटून दोन्ही चाकांतून बघत राहिला. बराच वेळ. मग विचारलं, "अण्णा, हिची चेसी सरळ हाय का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारणारा तो एकटाच. त्यासाठी त्याला मांडी मोडून घ्यावी लागली, हा आमच्या गावच्या अकलेचा हिशोब. मी त्याला कुत्सितपणे विचारलं की, या पायानं किक मारणार कशी. तो म्हणाला, डाव्या पायानं मारायची सवय करतोय. मी म्हटलं, माळ तर बंद झाला, मग पळवणार कुठं? मद्रासजवळ विमानांच्या जुन्या धावपट्टीवर फेऱ्या मारू देतात, तिथं जाणार, म्हणाला. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही.

संध्याकाळी डॉक्टरांच्या घरी गेलो. सामान बांधून झालं होतं. डॉक्टर पुस्तकांच्या खोक्याला सुंभ बांधत होते. गिऱ्हाईक कोण ते मी सांगितलं. डॉक्टरांचे हात थांबले. त्यांनी बायकोकडं बघितलं.

"परत पळवणार आहे का तो?" सुमनबाईंनी विचारलं.

पळवणार, म्हणालो. खोटं बोलून काय उपयोग होता.

त्यांनी डॉक्टरांच्या हातातलं सुंभ घेऊन खोक्याला गाठ मारली. मग म्हणाल्या, "मग त्यालाच द्या. निदान खालची गाडी तरी सरळ असू दे."